महेलिया जॅक्सनबाई व त्यांची उत्तर देणारी मंडळी

मनुष्याचा देश, घरदार, भाषा व नाव ही सर्व हिरावून घेतली, तरी एक गोष्ट त्याच्यापासून सहसा हिरावून घेता येत नाही. ती म्हणजे त्याची गाण्याची रीत. सुमारे साडेतीनशे वर्षांच्या काळात आफ्रिका खंडातून सव्वा कोटीच्या आसपास माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यास निघाली. त्यांपैकी लक्षावधी वाटेतच मेली. जी जिवंत पोहोचली ती निरनिराळ्या जमातींची असून एकाच मळ्यावर राबणाऱ्यांस एकमेकांची भाषाही पुष्कळदा समजत नसे. अशा विखुरलेल्या लोकांचा पुन्हा एक समाज झाला, आणि तो होण्यास जी साधने कारण झाली त्यांत गायन हे मोठे साधन होते. त्या लोकांच्या वंशातील महेलिया जॅक्सन या गायिकेचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम त्या गाण्याची रीत कशी होती हे सांगितले पाहिजे, म्हणजे पुढील हकीकत नीट ध्यानात येईल. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या पुष्कळ संस्थानांत गुलामास लिहावयास वाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. हाती पुस्तक नाही, आणि असले तरी वाचता येत नाही, अशा मंडळीत एखादा वडील मनुष्य उभा राहून गीताची एक ओळ मोठ्याने म्हणे, आणि मग सारी मंडळी तीच ओळ संथपणे लांबवून गात असे. गीते पुष्कळदा इंग्लंडातील डॉ. आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) यांची असत. परंतु गाता गाता चाल मंडळीची होऊन जाई. कोणी स्वर वर नेई, कोणी खाली उतरवी, कोणी एकाच अक्षरावर पाचसात वळणे घेई. तरी ओळ मोडत नसे, कारण मूळ चाल सर्वांच्या कानांत पक्की बसलेली असे. पुढाऱ्याने बोल टाकावा व मंडळीने उत्तर द्यावे. उत्तर जोराचे आले तर त्याने तोच बोल फिरवून पुन्हा टाकावा, न आले तर पुढे जावे. जे कोणी आधी लिहून ठेविले नव्हते ते त्या घटकेस, सर्वांच्या समक्ष व सर्वांच्या साहाय्याने घडून येई. यासच उत्स्फूर्त गायन म्हणतात. कीर्तनकाराने ध्रुवपद टाकिले असता मागे उभे असलेले टाळकरी ते कसे उचलून धरितात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या रीतीची काही कल्पना येईल.

महेलिया यांचा जन्म ता. २६ ऑक्टोबर १९११ रोजी लुइझियाना संस्थानातील न्यू ऑर्लिन्स या शहरी, मिसिसिपी नदीच्या बांधानजीकच्या एका गरीब वस्तीत झाला. त्यांच्या आईकडील वडील मंडळी दास्यातच जन्मली होती. मुलगी पाचसहा वर्षांची असता आई चॅरिटी मरण पावली, आणि ड्यूक या नावाने ओळखली जाणारी मोठी मावशी तिचा सांभाळ करू लागली. मावशी मोठी करड्या शिस्तीची होती. घरात धूळ दिसल्यास मार बसे, आणि जगिक गाण्यास तर उंबऱ्याच्या आत थाराच नव्हता. थोडीशी शाळा झाली न झाली तोच ती सोडून मुलीस धुणी धुण्याचे व लोकांची मुले सांभाळण्याचे काम करावे लागले. मावशी कामास गेली म्हणजे मावसभावाच्या तबकड्यांवर बेसी स्मिथ या ब्लूज गाणाऱ्या बाईचा आवाज ऐकावा, आणि त्याच्याबरोबर आपला आवाज लावून पाहावा, एवढीच काय ती तिची चोरटी गायनशाळा होती.

खरी गायनशाळा मात्र देवाच्या घरी होती, आणि तीही एक नसून दोन होत्या. पहिली माउंट मोरायाह ही बाप्टिस्ट मंडळी. त्या मंडळीचा बाप्तिस्मा तिने मिसिसिपी नदीत घेतला आणि तेथेच डॉ. वॉट्स यांची गीते वर सांगितलेल्या रीतीने तिच्या हाडीमासी भिनली. दुसरी मंडळी तिच्या घराशेजारची. तिला पवित्रीकरणवाल्यांची मंडळी म्हणत. तेथे गायकसंघ नव्हता, ऑर्गनही नव्हता. ढोल, झांज, खंजिरी आणि सर्वांचे हातपाय हीच त्यांची वाद्ये होती. जो येई तो गाई, टाळ्या वाजवी, पायाने ठेका धरी. बाप्टिस्ट लोकांपासून आपण सूर घेतला आणि शेजारच्यांपासून ठेका घेतला, हे महेलियाबाई पुढे नावारूपास आल्यावरही उघडपणे सांगत असत.

त्या काळी दक्षिणेकडील कृष्णवर्णी लोकांची उत्तरेकडे एकसारखी रीघ लागली होती. १९१० पासून १९७० पर्यंतच्या साठ वर्षांत सुमारे साठ लक्ष माणसे शेतीतील हलाखी व गोऱ्या लोकांचा जाच यांस कंटाळून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेली. ज्यांचे पूर्वज एकदा आफ्रिकेतून तोडून आणले होते, त्यांचे हे दुसरे देशांतर म्हणावयाचे. महेलियाही वयाच्या सोळाव्या वर्षी एका आत्पेष्टाबरोबर आगगाडीने शिकागोस आली. परिचारिका व्हावे अशी तिची इच्छा होती. प्रत्यक्षात धुणी व मोलकरणीचे काम तेवढे मिळाले. कडाक्याची थंडी, परके लोक व दिवसभराचे काबाडकष्ट यांनी तिचा जीव घाबरा होई. ग्रेटर सेलम या बाप्टिस्ट मंडळीत जाऊ लागल्यावर तिच्या जिवास थारा मिळाला.

परंतु तेथेही पहिला अनुभव विलक्षण आला. गायकसंघाच्या तालमीत ही नवखी मुलगी न्यू ऑर्लिन्सच्या रीतीने मोकळ्या गळ्याने गावयास लागली, तेव्हा भोवतालचे लोक चकित होऊन पाहतच राहिले. शिकागोतील कृष्णवर्णी लोकांच्या मोठ्या मंडळ्यांत त्या वेळी युरोपातील स्तवने कागदावरील स्वरलिपी पाहून नियमाने गाण्याचा प्रघात होता. गाताना अंग हलविणे, टाळी वाजविणे, मध्येच हाक घालणे हे तेथे अडाणीपणाचे मानीत. या लोकांविषयी आम्हांस कठोर शब्द लिहावयाचे नाहीत. त्यांच्या आईबापांस गोरे लोक रानटी म्हणून हिणवीत आले होते. आपणही विद्येत व शिष्टाचारात कोणाहून उणे नाही हे दाखविण्याची त्यांची धडपड होती, आणि तीत मानाची खरी भूक होती. तथापि दक्षिणेकडून नुकत्याच आलेल्या अडाणी बाईस त्या शिस्तशीर उपासनेत तोंड उघडण्यास जागा राहिली नाही, हेही तितकेच खरे. ती मागल्या बाकावर मुकाट्याने बसे, किंवा येईनाशी होई.

अशा लोकांनी मग रिकाम्या दुकानांचे गाळे भाड्याने घेऊन लहान लहान मंडळ्या स्थापिल्या. महेलिया व ग्रेटर सेलममधील काही तरुण सोबती मिळून तेथे गावयास जात. या मेळ्यास जॉन्सन सिंगर्स असे नाव होते. एका पाळकांनी महेलियाच्या गाण्यास उपासनामंदिराची विटंबना म्हणून व्यासपीठावरून दोष दिला, तेव्हा तिने तेथल्या तेथे उत्तर केले की, आम्ही दक्षिणेत जन्मापासून देवाची स्तुती अशीच करीत आलो. पुढे एकदा तिने चार डॉलर भरून एका नामांकित गायनशिक्षकाकडे धडा घेतला. धुणे धुणाऱ्या बाईस चार डॉलर ही काही लहान रक्कम नव्हे. शिक्षकाने तिला ओरडणे सोड असे सांगितले. अशा गाण्याने आपल्या लोकांस कमीपणा येतो, गोऱ्या लोकांस समजेल असे गात जा, असाही उपदेश केला. महेलिया तेथून निघाली ती पुन्हा गेली नाही. ज्या लोकांत आपण वाढलो त्यांसच जर आपले गाणे परके वाटू लागले, तर ते शिकून काय करावयाचे, असा विचार तिच्या मनाने घेतला. तिच्या साऱ्या आयुष्याची दिशा या एका धड्याने ठरली असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच सुमारास टॉमस डॉर्सी या गृहस्थांची व तिची गाठ पडली. डॉर्सी हे पाळकाचे पुत्र; परंतु तरुणपणी ब्लूज वाजवून त्यांनी पोट भरिले होते. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात वारली व दुसरे दिवशी तान्हे मूलही गेले. त्या दुःखाच्या भरात त्यांनी प्रभूने आपला हात धरावा अशा प्रार्थनेचे जे गीत रचिले, ते पुढे जगभर गेले. डॉर्सी गीते छापून त्यांचे कागद काही सेंटांस एक याप्रमाणे विकीत. लोकांनी चाल ऐकावी म्हणून महेलिया रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून ती गाई. या गीतांस गॉस्पेल, म्हणजे शुभवर्तमानाची गीते, असे नाव पडले. डॉर्सी स्वरलिपी लिहीत, पण महेलियास ती वाचता येत नसे, व लिहिले तसे गाण्याचा तिचा स्वभावही नव्हता. ती शब्द मोडी, फिरवी, एखाद्या ओळीवर तीनचार वेळा परत येई. समोरची मंडळी काय उत्तर देते यावर गीत पाच मिनिटांचे होणार की पंधरा मिनिटांचे, हे ठरत असे.

लवकरच पैशाची लालूच समोर आली. त्यांच्याच शहरचे जगद्विख्यात वादक लुई आर्मस्ट्राँग यांनी आपल्या ताफ्यात ब्लूज गाण्यास बोलाविले, तरी महेलियाबाई गेल्या नाहीत. पहिले पती आयझॅक हॉकनहल हे शिकलेले गृहस्थ असून पत्नीने रंगभूमीवर गावे असा त्यांचा फार आग्रह होता. यावरून घरात खटके उडत, व अखेर तो विवाह मोडला. बाईंनी केशभूषेचे दुकान काढून त्यावर निर्वाह चालविला, आणि शनिवार-रविवार गावोगावच्या मंडळ्यांतून गायन केले. ज्या गाण्याने मनुष्य दुःखात बुडतो व तेथेच राहतो ते आपणास नको, ज्या गाण्याच्या शेवटी आशा आहे ते हवे, असे त्यांचे म्हणणे असे.

१९४७ साली मेंफिस येथील पाळक रेव्ह. विल्यम हर्बर्ट ब्रूस्टर यांचे एक गीत बाईंनी तबकडीवर गाइले. स्वर्गाची वाट पायरीपायरीने चढत जाण्याविषयीचे ते गीत इतके लांब होते की, तबकडीच्या दोन्ही बाजूंवर ते विभागून घ्यावे लागले. तबकड्या लाखांनी खपल्या. १९५० साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या प्रसिद्ध सभागृहात त्यांचे गायन झाले. पुढे १९५४ पासून मोठ्या कंपनीशी करार व नभोवाणीवरील कार्यक्रम हेही झाले. परंतु तेथे घड्याळाकडे पाहून गावे लागे. अमुक मिनिटांत सुरू करून तमुक मिनिटांत आटपावयाचे, आणि समोर उत्तर देणारे कोणी नाही, याचा बाईंस फार कंटाळा येई. मंडळीवाचून आपले गाणे अर्धे राहते, असे त्यांचे मन त्यांस सांगत असे.

१९५१ सालची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील लेनॉक्स या गावी संगीताचे विद्वान जमले होते व त्यांनी बाईंस बोलाविले होते. बाई गाऊ लागल्या, तेव्हा या पंडितांत मोठा वाद माजला. हा ताल कोठला, हा स्वर सप्तकात बसतो कसा, एकच गीत दोन वेळा दोन प्रकारचे कसे होते, याची ते आपसांत चर्चा करू लागले. बाईंस ही चर्चा ऐकून गंमत वाटली, कारण त्या काही शास्त्र मांडावयास गेल्या नव्हत्या. परंतु आमच्या मते त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसून बाकांवर बसलेल्या लोकांत होते. शेकडो वर्षे एकत्र गाऊन ज्यांचे कान एक झाले आहेत, त्यांच्यामध्ये उभी राहिलेली बाई चाल सोडून कितीही दूर गेली तरी तिला परत आणणारे पुष्कळ असतात. म्हणून ती निर्भयपणे दूर जाऊ शकते. एकटा मनुष्य असे करू लागला तर तो केवळ वाट चुकेल.

या वाटेवर त्यांस सर्वांत जवळची साथ मिल्ड्रेड फॉल्स या पियानोवादक बाईंची होती. महेलियाबाई कोणत्या क्षणी थांबतील, कोठे वळतील, हे आधी ठरलेले नसतानाही फॉल्सबाईंची बोटे बरोबर तेथे जाऊन पोहोचत. अशा सोबतिणीस कामाच्या मानाने वेतन मात्र थोडे मिळे, असे बाईंच्या स्नेह्यांनीच सांगितले आहे. लहानपणीच्या दारिद्र्याने महेलियाबाईंचा हात आखडता केला होता, व पैशाच्या बाबतीत त्यांचा कोणावर विश्वास बसत नसे. मोठ्यांच्या चरित्रातील उणीव झाकू नये, म्हणून आम्ही हे लिहिले. जी गायिका उत्तर देणाऱ्यांवाचून गाऊ शकत नव्हती, तिने आपल्या सर्वांत निकटच्या उत्तर देणारीचे मोल पुरतेपणी ओळखू नये, ही खेदाची गोष्ट होय.

कीर्तीने वर्णभेद मात्र दूर झाला नाही. १९५६ साली बाईंनी शिकागोत गोऱ्या लोकांच्या वस्तीत स्वतःच्या पैशाने घर घेतले, तेव्हा खिडक्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या व दारी पोलिसांचा पहारा ठेवावा लागला. त्याच साली ॲलाबामा संस्थानातील माँटगमेरी येथून त्यांस बोलावणे आले. तेथील कृष्णवर्णी लोकांनी डिसेंबर १९५५ पासून शहरातील बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता, कारण त्यांस गोऱ्यांकरिता जागा सोडून उठावे लागे. पाळक मार्टिन ल्यूथर किंग व पाळक राल्फ ॲबरनॅथी हे त्यांचे पुढारी होते. बाई गेल्या, ॲबरनॅथी यांच्या घरी उतरल्या, सभेत गाइल्या, आणि मोबदला घेतला नाही. काही आठवड्यांनी, जानेवारी १९५७ मध्ये, त्याच घरावर बाँब पडला.

तेव्हापासून किंग व महेलियाबाई यांचा बहीणभावासारखा स्नेह जडला. ता. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लक्ष लोक समान हक्कांच्या मागणीसाठी जमले. बाईंनी गुलामीच्या काळातील, निंदा व तिरस्कार सोसल्याविषयीचे एक जुने भक्तिगीत गाइले, व लोकसमुदाय हेलावून गेला. त्यानंतर किंग लिहून आणलेले भाषण वाचू लागले. बाई मागेच बसल्या होत्या. भाषण पुढे जात असता त्यांनी मोठ्याने हाक घालून, तुमच्या स्वप्नाविषयी लोकांस सांगा, असे किंग यांस सुचविले, असे जवळ असलेल्या लोकांनी पुढे सांगितले आहे. किंग यांनी हातातील कागद बाजूस सारिला आणि पुढील बोल त्या घटकेस जसे आले तसे ते बोलू लागले. ज्या भाषणामुळे तो दिवस जगास आठवतो, त्याचा तो भाग कागदावर नव्हता. दक्षिणेतील लहानशा मंदिरात पाळक बोल टाकतो व बाकावरील एखादी वृद्ध बाई त्यास उत्तर देऊन पुढे नेते, तीच रीत त्या दिवशी अडीच लक्ष लोकांपुढे चालली. विखुरलेल्या लोकांनी संकटात जपून ठेविलेली रीत एका राष्ट्राच्या कामी आली.

पुढे १९६८ साली किंग यांचा खून झाला. त्यांच्या अंत्यविधीत, त्यांस आवडणारे डॉर्सी यांचे ते हात धरण्याचे गीत बाईंनी गाइले. बाईंचा दुसरा विवाहही त्यापूर्वीच मोडला होता, व हृदयविकाराने शरीर खचले होते. तरी १९७१ साली त्या जपानास व आपल्या देशासही येऊन गेल्या. कलकत्ता, नवी दिल्ली, मद्रास व मुंबई येथे त्यांचे कार्यक्रम झाले, तिकिटे थोड्याच वेळात संपली, आणि दिल्लीस पंतप्रधान इंदिरा गांधी यांचीही भेट झाली. त्याच वर्षी पुढे युरोपात छातीत कळा येऊ लागल्यामुळे दौरा सोडून त्यांस परतावे लागले. ता. २७ जानेवारी १९७२ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी शिकागोनजीक त्यांचा अंत झाला. ज्या ग्रेटर सेलम मंडळीत त्यांच्या पहिल्या गाण्याकडे लोक चकित होऊन पाहत राहिले होते, तेथेच त्यांच्या अंत्यदर्शनास हजारो लोक रांगा लावून उभे राहिले. नंतर त्यांचा देह न्यू ऑर्लिन्सला नेण्यात आला व त्या शहरानजीक मातीस दिला गेला.

या चरित्रापासून काय घ्यावे? आवाज तर देवाची देणगी आहे. तो मागून मिळत नाही. परंतु दुसरी एक गोष्ट या बाईंपाशी होती, ती कोणत्याही लहान मंडळीपाशी असू शकते. ज्यास वाचता येत नाही त्याच्या तोंडीही गीत जावे, आणि त्याने दिलेल्या उत्तराने ते गीत बदलावे, वाढावे, ही ती गोष्ट होय. उपासनेत जो पुढे उभा राहतो त्याने पुस्तक अवश्य घ्यावे व चाल नीट शिकून यावी, कारण मूळ चाल पक्की असल्यावाचून मोकळेपणा हा केवळ गोंगाट होतो. पण एक ओळ गाऊन झाल्यावर त्याने क्षणभर थांबून मागल्या रांगेकडेही कान द्यावा. तेथे एखादी म्हातारी किंचित निराळ्या सुराने तीच ओळ म्हणत असेल. तिला गप्प करण्यापूर्वी तिच्यापासून आपणास काही घेता येईल काय, एवढा विचार त्याने जरूर करावा.